घरासाठी सेकंड हँड छोटी एसयूव्ही घेताना

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आमच्या घरात गाडी बदलायचा विषय निघाला. जुनी हॅचबॅक चांगली चालत होती, पण सीट इतकी खाली, की उतरताना आईला दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढावं लागायचं. नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नव्हता. मग तीन महिने दर रविवारी मी जुन्या गाड्या बघत फिरलो: पुणे, चिंचवड, सातारा, एकदा सांगली. अकरा गाड्या नाकारल्या, बारावी घेतली. त्या अकरा गाड्यांनी जे शिकवलं ते इथे ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहितो आहे, कारण मी स्वतः ते उलट्या क्रमाने केलं आणि पहिला महिना वाया घालवला.

घरापासून सुरुवात

जाहिराती उघडण्याआधी टेप घ्या आणि पार्किंग मोजा. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच सोसायट्यांत आता एकावर एक गाडी चढवणारं स्टॅक पार्किंग असतं आणि जुन्या बांधणीच्या स्टॅकमध्ये उंचीची मर्यादा सेडानच्या हिशेबाने ठेवलेली असते. छोट्या एसयूव्हीची उंची साधारण १.६ मीटर किंवा थोडी जास्तच भरते. मारुतीची जुनी विटारा ब्रेझा १,६४० मिलिमीटर उंच आहे. वर रूफ रेल आणि अँटेना. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून उंची आणि वजन या दोन्ही मर्यादा विचारून घ्या. माझी पहिली पसंती इथेच बाद झाली.

मग माणसं मोजा. मागे रोज तिघं बसणार असतील तर रुंदी महत्त्वाची. महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ही १,८२१ मिलिमीटर रुंद आहे, मागे तिघं खांद्याला खांदा न घासता बसतात, पण तिची डिकी लहान आहे. टाटा नेक्सॉन आणि ह्युंदाई व्हेन्यूची डिकी ३५० लिटरची, किआ सॉनेटची ३९२ लिटरची, ब्रेझाची ३२८ लिटरची. आकड्यापेक्षा घरातली सगळ्यात अडचणीची वस्तू सोबत न्या. आम्ही आईचं वॉकर नेत होतो. ते घडी करून आडवं बसतं का, एवढंच बघायचं.

गुडघ्यांचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर त्यांना सोबत नेल्याशिवाय गाडी पक्की करू नका. आई गाडीत कशी बसते ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते सांगलीत. आधी पाठमोरी होऊन सीटच्या कडेला टेकते, मग एक एक पाय उचलून आत घेते. म्हणजे सीट कमरेच्या किंचित खाली हवी, दाराखालची पट्टी रुंद नको आणि दार जवळजवळ काटकोनात उघडायला हवं. एसयूव्ही उंच म्हणून ज्येष्ठांना सोयीची असं सरसकट म्हणतात. काही गाड्यांत सीट इतकी वर असते, की पाय टेकताना पुन्हा उडी मारावी लागते. ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

लहान मूल असेल तर मागच्या सीटच्या पाठीखालच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या लोखंडी कड्या चाचपून बघा आणि मधल्या प्रवाशाला तीन बिंदूंचा पट्टा आहे की नुसता कमरेचा, तेही बघून ठेवा.

गाडी कोणती

चार मीटरच्या आतल्या गाड्यांपैकी जुन्या बाजारात सहज मिळणाऱ्या पाच-सहाच. मार्च २०१६ मध्ये आलेली विटारा ब्रेझा २०२० च्या सुरुवातीपर्यंत फक्त डिझेल होती. तिचं १,२४८ सीसीचं इंजिन इतक्या गाड्यांत वापरलं गेलंय, की तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते डोळे मिटून उघडतो. फेब्रुवारी २०२० पासून ती दीड लिटर पेट्रोल झाली. नेक्सॉन सप्टेंबर २०१७ ची, एक्सयूव्ही ३०० फेब्रुवारी २०१९ ची, व्हेन्यू मे २०१९ ची, सॉनेट सप्टेंबर २०२० ची. फोर्ड इकोस्पोर्ट चालवायला मजबूत आणि आता स्वस्तही, पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या गावापासून तिचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते आधी पाहा.

सुरक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: घरची सगळी माणसं ज्या गाडीत बसणार, तिथे टचस्क्रीनच्या आधी एअरबॅग बघायची. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणजे नेक्सॉन, डिसेंबर २०१८ मध्ये. एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच मिळाले, ब्रेझाला २०१८ मध्ये चार. पुढच्या प्रवाशासमोरची एअरबॅग जुन्या मॉडेलच्या गाड्यांना २०२१ अखेरपर्यंत सक्तीची नव्हती. म्हणून त्याआधीचं बेस मॉडेल बघत असाल तर एअरबॅग किती आहेत ते विक्रेत्याच्या तोंडी न घेता डॅशबोर्डवर आणि पिलरवर (दारांमधल्या, छत पेलणाऱ्या खांबांवर) कोरलेली अक्षरं बघून मोजा.

पेट्रोल, डिझेल आणि गिअर

रोजचा वापर शाळा, ऑफिस, भाजी आणि महिन्यातून एकदा गावी, एवढाच असेल तर पेट्रोल घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या धुराच्या कडक नियमांप्रमाणे बनलेल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून फिल्टर साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला हीच डिझेल गाडी परवडते.

सीएनजी बाहेरून बसवलेला असेल तर तो आरसीवर चढवलाय का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, एवढं पाहा. आरसीवर नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

ऑटोमॅटिकमध्ये प्रकार ओळखा. व्हेन्यू आणि सॉनेटच्या टर्बो पेट्रोलमध्ये येणारा ड्युअल क्लच गिअरबॉक्स हायवेवर छान, पण तासन्‌तास रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्याचे कोरडे क्लच तापतात. तसाच वापर झालेली गाडी असेल तर क्लचच्या खर्चाची तयारी ठेवा. नेक्सॉन आणि डिझेल ब्रेझाचा एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा नेहमीचाच गिअरबॉक्स, साधा आणि स्वस्तात दुरुस्त होणारा, फक्त गिअर बदलताना मान थोडी पुढे-मागे होते. आईला ते आवडलं नाही, म्हणून आम्ही मॅन्युअल घेतली.

किंमत ठरवताना

इथे बरेच जण अजून जुन्या हिशेबात अडकलेले दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. त्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली, पण जुनी विकणारा माणूस स्वतः मोजलेली किंमत डोक्यात ठेवून आकडा सांगतो. आधी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून लिहून आणा आणि घासाघीस तिथून सुरू करा. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्याने ती या सवलतीच्या गटात बसली नाही, म्हणून नेक्सॉन आणि ब्रेझाच्या किमतीची तुलना करताना हा फरक धरा.

सांगितलेल्या किमतीवर किमान दहा टक्के बाजूला ठेवा. चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, विमा आणि नाव ट्रान्सफर एवढ्यातच ते संपतात. सेकंड हँड गाडीच्या कर्जाचा व्याजदरही नव्या गाडीपेक्षा जास्त असतो.

जाण्याआधी अर्धा तास फोनवर

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर मागा. नंबर द्यायला का-कू करणाऱ्याकडे जाऊच नका. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला, की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेली चलनं कळतात. एका 'सिंगल ओनर' गाडीवर मला वेगमर्यादा मोडल्याची चलनांची रांगच सापडली. ती गाडी कशी चालवली गेली हे कळायला तेवढं पुरलं.

परराज्याचा नंबर असेल तर थांबून विचार करा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. पण इथे आणल्यावर तिकडची एनओसी, इथली पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, हे सगळं तुमच्याकडे. तिकडचा कर परत मागता येतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. गोव्याच्या पासिंगच्या गाडीलाही हेच लागू.

शेवटचा फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. चेसिस नंबर सांगून सर्व्हिसची नोंद आणि बाकी राहिलेला रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाड्या परत बोलावलेल्या असतात तो) विचारा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२२ ला ६१ हजार आणि आज काट्यावर ५४ हजार दिसत असतील तर गाडी बघायला जायचं कारण उरत नाही.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

सकाळी जा, उजेडात, कोरड्या हवेत. पाऊस पडलेला असेल तर ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिनाची खोड तुम्हाला दाखवायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ पुराच्या गाडीवर घालवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडजवळची एकतानगरी, या सगळ्या ठिकाणी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. धुऊन-पुसून त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात, म्हणून नुसतं पासिंग बघून काही कळत नाही. सांगलीतली ती गाडी बाहेरून चकचकीत होती, आत सीट कव्हर नवीन, वासाची बाटली लावलेली. आमच्या मिस्त्रींनी मागचा सीट बेल्ट हळूहळू पूर्ण ओढून बाहेर काढला. शेवटचा हातभर पट्टा, जो एरवी कधीच बाहेर येत नाही, तो चहात बुडवलेल्या दोरीसारखा तपकिरी होता आणि त्यावर पाण्याची रेघ सरळ उमटलेली. मालकाला बहुधा खरंच माहीत नव्हतं, तोही दुसऱ्याच मालकाकडून फसलेला. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीचे पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढले. त्याबरोबर स्टेपनीखालची खाच, पुढच्या सीटच्या रुळांवरचे स्क्रू, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिना आणि हेडलाइटच्या काचेच्या आतला कोपरा बघा. कार्पेटची कड उचलून खालच्या फोमला बोट लावा. धुतलेल्या कार्पेटखालीही फोममध्ये गाळ राहतो.

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बरे. बोनेट आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट कारखान्यातून रंगासकट येतात. पाना लागला, की कडांचा रंग उडतो. एखादा फेंडर बदललेला असणं गंभीर नाही, शहरात तेवढं होतंच. दाराची रबरं ओढून आतल्या पिलरवरचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघा. ते एकसारख्या अंतरावर हवेत. तिथे पुट्टी किंवा हाताने केलेलं वेल्डिंग असेल तर ती गाडी कुटुंबासाठी नको, कितीही स्वस्त मिळो, कारण पुढच्या अपघातात तोच पिलर तुमच्या माणसांना वाचवणार असतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. जो दिवा मुळात लागतच नाही तो काढलेला असू शकतो, आणि उडालेली एअरबॅग परत बसवलीच नाही हे झाकायची ती सोपी युक्ती आहे.

काचांवर कंपनीचा छाप सगळीकडे सारखा आहे का बघा. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, जसे २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली सांगतात आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे? मग ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली बाजू काय सांगते ते बघा. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी आकड्याला आकडा लावून ताडून पाहा.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर आत पाणी गेलंय, तिथूनच परत फिरा.

चालवून बघणं

अर्धा तास तरी चालवा आणि रेडिओ बंद ठेवा. इंजिन थंड असताना पहिल्या सेकंदाचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर बघायला एक माणूस मागे उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. 'टक-टक-टक' आलं तर पुढच्या चाकाचा ड्राइव्ह शाफ्ट गेलाय. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. स्पीडब्रेकरवरून वीसच्या वेगाने न्या, एकदा घरच्यांना मागे बसवून. सस्पेन्शनचा खडखडाट मागच्या सीटवर आधी ऐकू येतो.

चढ हवाच. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, नाहीतर जवळचा कुठलाही उड्डाणपूल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. एसी दुपारच्या उन्हात, गाडी उभी असताना तपासा. चालत्या गाडीत खराब एसीही थंड वाटतो.

इतकं करून गाडी पसंत पडली, की ती तुमच्या मिस्त्रीकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, लिफ्टवर चढवून खालून बघा आणि स्कॅनर लावून एरर वाचा. तपासणीला दोन-अडीच हजार लागले तरी द्या. विक्रेता गाडी तपासायला नेऊ देत नसेल तर टोकन देऊ नका.

पैसे आणि कागद

माझी सगळ्यात मोठी चूक इथली, आणि ती जुनी गाडी विकतानाची. मी सह्या करून फॉर्म एका डीलरला दिले, पैसे घेतले आणि निश्चिंत झालो. पाच महिने नाव बदललं नाही आणि कोणीतरी सिग्नल तोडल्याची चलनं माझ्या फोनवर येत राहिली. चलन तरी पैशांवर भागतं. नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय. म्हणून दोन्ही बाजूंनी नाव ट्रान्सफरचा आग्रह धरा.

लागणारे कागद: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी, दोघांचे आधार-पॅन आणि पत्त्याचा पुरावा. बोजा असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी. 'कर्ज फिटलंय, फक्त कागद यायचाय' या वाक्यावर पैसे देऊ नका. कागद येऊ दे, मग व्यवहार करा. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का, ते मागून बघा.

सगळे पैसे बँकेतून द्या. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवायचं ठरवा आणि तसं लिहून घ्या. ताबा घेताना करारावर तारखेबरोबर वेळही लिहा, दुपारचे ४ वाजून २० मिनिटं, असं. त्या क्षणाआधीचं चलन विकणाऱ्याचं, नंतरचं तुमचं.

विम्याची गल्लत बहुतेक घरांत होते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर व्हायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. तुमच्या आधीच्या गाडीवर बोनस साठला असेल तर त्याचं पत्र घेऊन तो इथे लावा.

पहिला आठवडा

दोन्ही किल्ल्या हातात घ्या, दोन्हींनी गाडी सुरू करून बघा. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करवून नवा काढा. व्हेन्यू, सॉनेटसारख्या इंटरनेट जोडलेल्या गाडीत आधीच्या मालकाचं ॲप खातं काढायला लावा. ते राहिलं तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला त्याच्या फोनवर दिसत राहतं. मुलांना शाळेतून आणणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे मी ताबा घेतला त्याच संध्याकाळी, जुन्या मालकासमोर करून घेतलं.

सर्व्हिस कधीची आहे हे कोणी काहीही सांगो, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहा. जुन्या डस्टरचं दीड लिटर डिझेल किंवा इकोस्पोर्टचं डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदलून टाका, कारण तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. हजार किलोमीटर झाले, की सकाळी गाडी थंड असताना ऑइलची पट्टी आणि कूलंटची टाकी पुन्हा बघा. आमच्या गाडीचं कूलंट बोटभर उतरलं होतं. एका नळीची क्लिप सैल निघाली, आणि ते घाटात कळण्याऐवजी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं.